मामानं काय धरायचं?

"बाई, मला एक सांगा. लग्न लागलं शुक्रवारी नाशकात. मंग आपन रव्हिवारी जेवलो ते कशाचं?"

मावशींचं हे असंच. सवाल आधी, राम राम मागाहून. त्यांच्या आणि आमच्या परसात एक तारेचं कुंपण आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. एरवी त्यावर त्यांचा दोडका चढलेला, आमचे टॉवेल वाळत घातलेले आणि मधल्या भगदाडातून दोन्हीकडच्या कोंबड्यांची ये-जा. मी शाळेत शिकवते, म्हणून मी सगळ्या आळीची 'बाई'. त्या सगळ्या राजूरच्या मावशी. उन्हात कुरडयांची पाटी सरकवता सरकवता त्यांनी हा पेच टाकला होता. कुरडया वाळून होईपर्यंत त्या आता हलणार नव्हत्या, हे मला दिसत होतं.

"जेवलो ते लग्नाचंच की, मावशी," मी म्हटलं. "शुक्रवारी झालं ते सरकारचं. रविवारी झालं ते आपलं."

"आसं दोनदा लगीन लागतं व्हय?"

लग्न त्यांच्या पुतणीच्या मुलीचं. मुलगी महादेव कोळी, नाशकात दवाखान्यात नर्स. मुलगा सोलापूरकडचा, लिंगायत घरातला, तोही नाशकातच नोकरीला. दोघांनी ठरवलं की रजिस्टर करायचं, भटजीही नको आणि स्वामीही नको. घरच्यांनी पंधरा दिवस अबोला धरला, मग हो म्हटलं. अबोल्याच्या त्या पंधरा दिवसांची हकिकत मावशींनी मला तेव्हाच, ह्याच कुंपणावरून, रोजच्या रोज पुरवली होती. त्यामुळे तिच्यात आता शिरत नाही.

"नोटीस लावली होती म्हनं महिनाभर. फळ्यावर नाव, गाव, समदं. कुनाची हरकत आसल तं सांगा म्हनून."

"तीस दिवस लावावीच लागते. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे तो. त्यात नोटिशीशिवाय लग्न लागत नाही. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती बाद होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"आपल्या गावाला फळा कशाला लागतोय? मी हाय की," मावशी म्हणाल्या. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

शुक्रवारी नाशकाला मावशी जातीनं गेल्या होत्या, मला शाळेमुळे जमलं नव्हतं. म्हणून मी खुंटीला टॉवेल अडकवून सरळ विचारलं, की तिथं नेमकं काय झालं. त्यांनी हात झटकले.

"काय व्हायचंय? दहा मिनटं. सायबानं नावं विचारली, कागद पाह्यले. मंग तिला म्हनला, म्हना. ती म्हनली. त्याला म्हनला, म्हना. त्यो म्हनला. तिघांनी सह्या केल्या. झालं. हार घातले, बाहेर आलो. आन् मामा बिचारा उभाच!"

"कोण मामा?"

"पोरीचा मामा वं! नवा सदरा घालून आल्याला, फेटा बांधून. त्याच्या हाताला कामच न्हाई. अंतरपाट न्हाई तं मामानं काय धरायचं?"

मी खरं म्हणजे इथं हसणार होते, पण थांबले. रजिस्टर लग्नाबद्दल मी आजवर जे काही वाचलं, ऐकलं, भाषणांतून दोन्ही बाजूंनी पटवून घेतलं, त्यात हा मुद्दा कुणी काढला नव्हता. मंत्र गेले, हुंडा गेला, कर्ज टळलं, हे सगळे बोलतात. पण आपल्या लग्नातला निम्मा विधी देवासाठी नसतोच, तो माणसं कामाला लावण्यासाठी असतो. मामानं अंतरपाट धरायचा, करवलीनं कलश घ्यायचा, आत्यानं ओवाळायचं, भावानं कान पिळायचा, पाच सवाष्णींनी घाणा भरायचा आणि जात्याला आंब्याचे डहाळे बांधायचे. ज्याच्या हाताला काम, त्याला मान. विधी काढून टाकले की देव रागावत नाही, मामा रागावतो.

मावशींना मी कायद्याची एक गंमत सांगितली. साहेबानं जे वाक्य म्हणायला लावलं, तेवढंच कायद्याला पाहिजे असतं. मी अमुक, तुला तमुकला, कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो किंवा स्वीकारते. ते विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या देखत, एकमेकांना उद्देशून, दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत म्हणायचं. हे झालं की बाकीचं लग्न हव्या त्या रीतीनं लावा, असं कलम 12 च सांगतं. जास्तीची फी भरली तर साहेबाला ऑफिसातून वाजवी अंतरावर, आपल्या मांडवातसुद्धा बोलावता येतं.

"मंग राजूरला का न्हाई बोलावला? पेढे दिले आसते त्याला चांगले."

"नोटीस नाशकात दिली ना. राहतात तिथं दिली. तिथला साहेब जिल्हा ओलांडून भंडारदऱ्याच्या तोंडाशी कशाला येईल?"

"पान्याचं निमित्त करून समदे येत्यात तिकडं."

तर म्हणून रविवार. सह्या नाशकात आणि सोहळा राजूरला, घरापुढच्या मांडवात. आणि ह्या सोहळ्यात काय काय करायचं, ते नवरानवरीनं स्वतः ठरवलेलं. मुलीनं मोबाईलवर परदेशातली लग्नं पाहिली होती. तिकडं म्हणे दोघं दोन रंगांची वाळू एका काचेच्या बरणीत ओततात. मिसळलेली वाळू पुन्हा वेगळी होत नाही, तसे आपण. कुणी दोन मेणबत्त्यांवरून तिसरी पेटवतं, कुणी हातांना फीत बांधतं. इंग्लंडात सरकारी अधिकाऱ्यापुढच्या लग्नात धार्मिक काही चालत नाही, प्रार्थनागीतसुद्धा नाही. मग लोकांनी रिकामी जागा अशा गोष्टींनी भरली. स्कॉटलंडात तर 2005 पासून मानवतावादी मंडळींनी लावलेलं लग्नही कायद्यानं ग्राह्य धरतात.

"फीत बांधायची त्यात नवं काय? आपल्यात उपरन्याची आन् शेल्याची गाठ मारत्यातच की. आन् वाळू?" मावशींनी कुरडई उलटवली. "वाळू आनायची कुठनं? प्रवरेतनं? वाळू उचलली तं आदी तलाठी यील मांडवात, मंग वऱ्हाड."

नगर जिल्ह्यात वाळू म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं रात्रीचे डंपर येतात, संसार येत नाही. नवरीलाही ते उमगलं असावं. तिनं वाळूऐवजी भात घेतला. तिच्या आईकडचा काळभात, काळ्या तुसाचा, आणि चुलत्याकडचा रायभोग. सोलापूरकडं भात कुठून आणणार, म्हणून नवऱ्याच्या वाटचा रायभोग धरायचा. एक ओंजळ काळी, एक पिवळी, दोन्ही एका काचेच्या बरणीत. फोटोलाही छान. आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम चालली होती, मी कडेला उभी होते. पोरीनं ओंजळ बरणीवर धरली आणि मागून मावशींचा आवाज आला.

"आगं ए! बी मिसळतीस?"

सगळे गप्प.

"बी कधी मिसळत्यात का? उद्या पेरनार कसं? काळभात येगळा काढायला दोन जन्म जात्याल."

पोरगी म्हणाली, आजी, पेरायचं नाहीये, नुसतं प्रतीक आहे. त्यावर मावशी जे बोलल्या ते मी इथं गाळते. सारांश असा, की जे पेरायचं नाही ते बी नव्हे, आणि जे बी आहे त्याचा खेळ करायचा नाही.

मला त्या दोघींच्या मधोमध एक फार मोठी गोष्ट दिसत होती. गोऱ्या साहेबाच्या मुलखात मिसळणं म्हणजे प्रेम. आमच्या अकोले तालुक्यात मिसळणं म्हणजे भेसळ. इथून जवळच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण गावरान वाणांची बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत नाव आलं. त्यांचं सगळं काम काय? घेवडा घेवड्याच्या ठिकाणी, वाल वालाच्या ठिकाणी, काळभात काळभाताच्या ठिकाणी. प्रत्येक वाण निवडून, राख लावून, आपापल्या मडक्यात. ज्या भागात बायांनी पिढ्यान्‌पिढ्या बी वेगळं ठेवलं म्हणून ते टिकलं, तिथंच दोन वाण एका बरणीत ओतून 'एकरूप झालो' म्हणायचं? प्रतीक अर्थासकट उलटं पडलं होतं.

मग मावशींनीच तोड काढली. "मला माझ्या आईनं लगनात काय दिलं ठावं हाय का? एक गाडगं. वालाचं बी. सासरच्या बांधाला पह्यल्या साली मी त्येच लावलं. तुमी तसं करा. तुझं बी त्याच्या आईच्या वटीत घाल. त्याच्याकडचं काय आसल ते तुझ्या आईला द्या."

सोलापूरकडची ज्वारी! मुलाच्या काकांनी लगेच फोन लावला आणि रविवारी सकाळी येणाऱ्या गाडीतून मालदांडीची पिशवी आली. दोन गाडगी, दोन विहिणी, वरून फडकं बांधलेलं. काळभात सोलापूरला उगवणार नाही, मालदांडी आमच्या पावसात कुजेल, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती गाडगी एका ओटीतून दुसऱ्या ओटीत गेली तेव्हा कुणाला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. माईकवाला पोरगा आधीच्या प्रत्येक गोष्टीचं निरूपण करत होता. इथं तो आपोआप गप्प बसला, ह्यावरून काय ते ओळखा.

"ते बरं झालं," मावशी म्हणाल्या. "पन त्या झाडाचं काय हो?"

झाडाचं काय, ते सगळ्या राजूरनं पाहिलं. नवरानवरीनं मिळून आंब्याचं रोप लावायचं, असा एक विधी होता. वैशाखात. विहिरी तळाला गेलेल्या, टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आजूबाजूला, आणि इथं टाळ्यांच्या गजरात रोप. शिवाय दोघं मंगळवारी नाशकाला. आता त्याला पाणी कोण घालतंय?

"मी घालतीय. कोन घालनार?"

झाड लावायचं तर मृग लागल्यावर लावावं, ही गोष्ट इथल्या तिसरीतल्या पोरालाही कळते. लग्नात रोपाची नुसती कुंडी द्यावी आणि पहिल्या पावसाला माहेरी येऊन खड्ड्यात उतरवावं. त्या निमित्तानं लेक घरी तरी येईल. समईचंही तेच झालं. दोन वातींवरून तिसरी लावायची होती, पण कळसूबाईकडून सुटलेल्या वाऱ्यानं दोन्ही विझवल्या. फोटोवाला म्हणाला, पुन्हा लावा. पुन्हा लावल्या. मग म्हणाला, आता जरा माझ्याकडं बघून लावा. विधी सुचवणाऱ्यांपेक्षा फोटोवाले जास्त झाले की असं होतं.

माझं मत विचाराल तर त्यांनी ठरवलेल्या गोष्टींतल्या दोनच ठेवायला हव्या होत्या. पण एक तिसरीही जमली, आणि ती जमेल असं मला वाटलं नव्हतं. नवरीच्या भावानं संविधानाची उद्देशिका वाचायला घेतली. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत हल्ली वाचतात. मला वाटलं, आता मांडव उठून पंगतीकडं जाईल. तर त्यानं पहिले चार शब्द म्हटले आणि मांडवात पुढं बसलेली पंचवीस-तीस पोरं एका सुरात सुरू झाली! रोज परिपाठाला म्हणतात ना. माझ्याच वर्गातली निम्मी. शेवटच्या ओळीला तर त्यांनी इतका जोर लावला, की वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

"मला वाटलं मंगलाष्टकं झाली," मावशी म्हणाल्या. "मी अक्षता टाकल्या की."

"मंगलाष्टकं नंतर होती, मराठीतली."

"ती कुनी रचली?"

मग मला संधी मिळाली. कुंपणाशी बोलताना मला अशी संधी क्वचित मिळते. मी सांगितलं, की जोतिबा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला 24 सप्टेंबर 1873 ला, आणि तीन महिन्यांनी, 25 डिसेंबरला, पहिलं सत्यशोधक लग्न पुण्यात लावलं. सीताराम आल्हाट आणि राधा. सावित्रीबाई त्यात पुढं होत्या. भटजी नाही, खर्च जवळपास नाही. पण मंगलाष्टकं होती! जोतिबांनी ती टाकून दिली नाहीत, नवी रचली. वधू आणि वर त्यातून एकमेकांशी बोलतात, वधू बाईच्या हक्काचं मागते आणि वर शब्द देतो. अक्षता, हार, अष्टकं ही चौकट त्यांनी ठेवली आणि आतलं बोलणं बदललं. हा माणूस लोकांना ओळखून होता.

"आन् भटजी गप बसले?"

"छे. आपल्या कोतूळ-ब्राह्मणवाड्यावरून पलीकडं उतरलं की जुन्नरातलं ओतूर लागतं ना, तिथंच रण माजलं. 1884 च्या सुमाराला बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीविना लावलं. भटजींनी दक्षिणेच्या हक्कासाठी फिर्याद केली. ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि पाटील जिंकले."

"ओतूरला माझ्या नंदंची सासुरवाडी," मावशी एवढंच म्हणाल्या, जणू निकालात त्यांचाही हात होता.

आणि बाईनं लग्न लावणं हेही काही नवं नाही, हे मी पुढं रेटलं. डहाणू-पालघरकडं वारल्यांमध्ये धवलेरी असते. ती गाणी म्हणत लग्न लावते, आणि ती लावते म्हणून ते लागतं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, अर्थ सांगत विधी करायची रीत घातली, त्याचं केवढं कौतुक झालं. आमच्या डोंगरातल्या बायांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरं मग?

मावशींना कौतुकात रस नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला आणि कुंपणाला अगदी रेटून उभ्या राहिल्या. मला कळलं, आता पैशाचं येणार.

"पन्नास हजार मिळत्यात म्हनं त्यांना. खरं का?"

"आंतरजातीय विवाहाची योजना आहे सरकारची. एक जण अनुसूचित जाती-जमातीचा वगैरे असला आणि दुसरा सवर्ण हिंदू, लिंगायत, जैन किंवा शीख असला तर 50,000 रुपये देतात. दाखला जोडून अर्ज करावा लागतो."

"म्हंजी शुक्रवारच्या कागदावर मिळत्यात. रव्हिवारच्या पंगतीवर न्हाई."

"नाही."

"मंग शुक्रवारचंच खरं लगीन," मावशींनी निकाल दिला.

त्यांचा निकाल कायद्याच्या अंगानंही तसा बरोबरच होता, पण उलट बाजूही आहे, ती मी सांगून टाकली. हिंदू विवाह कायद्याखाली नुसता नोंदणीचा दाखला पुरत नाही. विधी झालेच नसतील तर ते लग्नच नव्हे, असं 2024 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं. सप्तपदीची चाल असलेल्या घरात सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. विशेष विवाह कायद्यात बरोबर उलटं. तिथं हजार पावलं चाललात तरी ते वाक्य म्हटल्याशिवाय पुरं होत नाही. त्यात आपल्या पोरीसारख्या अनुसूचित जमातीच्या माणसांना हिंदू विवाह कायदा सरसकट लागूच होत नाही, त्यांच्या लग्नाला त्यांची रूढी चालते. मुलगा लिंगायत, म्हणून हिंदू विवाह कायद्यातला. मग दोघांना एका छत्राखाली आणणारा सरळ रस्ता 1954 च्या कायद्याचाच. पोरीनं हे सगळं वाचून ठरवलं होतं, हे मला रविवारी तिच्याशी बोलताना कळलं. मोबाईलवर ती नुसती वाळूच बघत नव्हती.

"हुशारच हाय ती. पन मामाचं मला बरं नव्हतं वाटत."

"रविवारी धरला की मामानं अंतरपाट."

"मी धरायला लावला! त्या दोघांच्या कागदावर अंतरपाट नव्हताच. मी म्हनलं, देवाचा नको तं नको, कापडाचा धरा. तिच्या आजीचं जुनं लुगडं काढलं पेटीतनं, हिरवं, काठाला जरा इरलेलं. एका टोकाला पोरीचा मामा, दुसऱ्या टोकाला पोराचा. त्यो मामा सोलापूरचा, उंच. आमचा बुटका. लुगडं सारखं तिरकंच ऱ्हायलं. पोरीचं डोकं झाकलं, पोराचं कपाळ दिसतंय."

ते तिरकं लुगडं मलाही आठवतंय. लोक हसत होते, आणि दोन्ही मामा घामाघूम होऊन एकमेकांना 'जरा वर, जरा खाली' करत होते. त्या दिवसापासून दोघांची चांगली गट्टी आहे म्हणे, फोन चालू असतात.

"म्हणजे सगळे खूश झाले तर," मी म्हटलं आणि टॉवेल काढायला वळले.

"कुठलं? पोराची आत्या रुसली की."

मी परत वळले. मावशींनी हा पत्ता शेवटपर्यंत राखून ठेवला होता.

"का रुसली?"

"सहीवरनं. तीनच सह्या होत्या ना. एक आमच्या पोरीच्या मैतरनीची, एक पोराच्या बहिनीची, एक त्याच्या कंपनीतल्या दोस्ताची. आत्या म्हनली, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवला आन् सही दोस्ताची? सरकारी कागदावर माझं नाव न्हाई? जेवली न्हाई शुक्रवारी."

"मग?"

"मंग रव्हिवारी तिला पह्यला उखाना घ्यायला लावला, माईकवर. तिनं लई मोठा घेतला. तवा जेवली." मावशींनी कुरडयांची पाटी उचलली, दोन पावलं गेल्या, पुन्हा आल्या. "बाई, आमच्या नातवाचं पन आसंच रजिस्टरचं चाललंय. तुमी जरा इचारून ठेवा. त्या कागदावर तीनच सह्या लागत्यात, का सहा केल्या तं चालत्यात? आमच्याकडं मानाची मानसं सहा हायेत, आन् त्यातली चार आत्ताच फुगल्यात."